पहिला दात

साखळीला सुरुवात नसते,
म्हणून एका दाताला मी नेलपॉलिश लावते.
लाल. नणंदेच्या लग्नातली बाटली, अर्धी वाळलेली.
तिथून मोजायचं.
आधी एका बाजूचे सगळे, एकाआड एक,
मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे.
कानस पुढेच ढकलायची,
मागे येताना उचलून घ्यायची.
दाताला तीनदा.
कुठे चुकून चौथ्यांदा हात गेला
तर सगळ्यांना चौथ्यांदा,
नाहीतर काप लाकडात वाकडा जातो.

हे मला ब्रम्हपुरीच्या दुकानातल्या पोरानं शिकवलं.
मशीन विकली तेव्हा नाही.
तेव्हा त्यानं शालिकला बिल दिलं
आणि कंपनीची टोपी, फुकट.

कडुनिंबाची फांदी कवेलूंवर टेकली होती.
वानरं तिच्यावरून उतरायची,
रोज दोन-चार कवेलू फोडायची.
"पाच मिन्टाचं काम हाय, धर न शिडी."
पायात स्लीपर.
मशीन खांद्याच्या वर, एका हातात,
दुसऱ्या हातात फांदी.
शिडी मी धरली होती,
पण अर्धी मी चुलीपाशी होते, भात लागत होता.

पट्टीचं टोक मागच्या डहाळीला शिवलं.
एवढंच.
मशीन उसळली
आणि जो हात फांदी धरून होता
त्याच्या मनगटाकडे आली.

भात लागलाच.
दोन दिवसांनी कोणीतरी गंज घासून ठेवला होता,
कोणी ते अजून कळलं नाही.

डॉक्टरबाईंनी टाके घालताना विचारलं,
"धार नव्हती का?"
मला वाटलं, धार नव्हती तेच बरं झालं.
त्या म्हणाल्या, "उलट.
कापलेलं शिवता येतं,
हे फाटलंय."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
आता मिटत नाही.
खर्रा घोटायला दोन्ही तळवे लागतात,
म्हणून पन्नी माझ्या हातात देतो,
आणि मी घोटते, शिव्या देत,
चुना कमी टाकून.

सासू म्हणाली, विहिरीत टाका ते धूड.
चौदा हजारांचं धूड.
मी ते खोलून बसले.
पट्टीच्या खाचेत भुशाचा काळा गाळ,
तेल पुढे जायला जागाच नाही.
केसांच्या पिनेनं उकरला.
जळकं ऑइल गटारात ओतलं.
साखळी बोटानं ओढून पाहिली:
पट्टीखाली लोंबत होती,
म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यासारखी.
अशी मशीन आम्ही शिडीवर चढवली होती.

आता गावात कोणाला लागली तर माझ्याकडे येतात.
कवडू मेश्राम आला, बाभळीसाठी.
पायात काय आहे?
फांदी कुठे पडणार?
पडताना तू कुठे पळणार?
दोरी धरायला कोण, आणि त्याची चूल कोण बघणार?
"वैनी, मशीन देता का पेपर घेता?"
मी मशीन दिली.
प्लग तिखटाच्या डब्यात होता, तो नाही दिला.
तो गेला, हासडली असेल एखादी,
आणि पोराचे पोलीस भरतीचे बूट घालून परत आला,
दोन नंबर लहान,
बदकासारखा चालत.

संध्याकाळी मशीन परत आली.
रंग उडाला होता,
पहिला दात बाकीच्यांत मिसळून गेला होता.
उजेडात धरून शोधला, पुन्हा लावला.
ब्रशला थोडी लाली उरली.
शालिक बाजेवर पडला होता, हात खाली सोडून.
मी त्याच्या करंगळीच्या नखावर पुसली.
त्याला कळलं नाही.
त्या बोटाला आता काही कळत नाही.

जेवताना दिसलं त्याला.
बराच वेळ नुसता बघत राहिला,
वर कवेलूंवर वानरं धावत होती,
मग म्हणाला,
"इथून मोजाचं काय?"