अडतीस वर्षांचा खाटीक

कार्डिफच्या स्टुडिओत, प्लायच्या भिंतींआड
इद्वल प्रॉसर अडतीस वर्षं मटण तोलत आला.
मटण रबराचं. तराजू मात्र खरा.

बसस्टॉपवर एक म्हातारी छत्री उगारून म्हणाली,
"त्या पोस्टातलीच्या नादी लागलास, लाज नाही वाटत?"
तो म्हणाला, "चुकलं, बाई."
काय करणार, लफडं लेखकांचं होतं,
आठवड्यापूर्वी त्यालाही ठाऊक नव्हतं.

मालिकेत तीन लग्नं, एक तुरुंगवास,
एकदा स्मृती गेली ती नाताळला परतली.
घरी एकच बायको, नेरिस.
तिच्या दफनाला मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं,
"टीव्हीवर याहून छान रडतो."

त्याने ऐकलं.
खरं सांगायचं तर पटलंही.
तिथे तीनदा रडता येतं
आणि मधे कुणीतरी येऊन नाक पुसून जातं.

मग पाकीट आलं: जिना, गुरुवार, मृत्यू.
पडायला बदली माणूस होता. नको म्हणाला,
स्वतःच पडला.
टाळ्या झाल्या, केक कापला,
एप्रन कपडेपटात जमा.

शनिवारी कोपऱ्यावरच्या खऱ्या खाटकाकडे गेला
नि सवयीने काउंटरच्या आतल्या बाजूला वळला.
पोरगं काही बोललं नाही.
जरा सरकून उभं राहिलं.