पुस्तकांची बोट धक्क्याला लागल्यावर

टोरिल्ड, ही घे, सहातली पाच. भिजलेली नाहीत.
एकाला माशाचा वास येईल, तो माझ्या हातांचा.
दंड लावायचा तर लाव.

हे जाडजूड, समुद्रावरचं:
लिहिणाऱ्याला बोट लागलेली नाही कधी.
लाट म्हणे निळ्या रेशमासारखी!
फेब्रुवारीत ये म्हणावं आमच्या फ्योर्डात,
रेशीम दाखवते.

ही कादंबरी नव्वदाव्या पानावर सोडली.
बाई खिडकीशी उभी राहते, कॉफी गार होते,
बाई पुन्हा खिडकीशी.
मी मोठ्यानं म्हटलं, बये, निदान कप तरी विसळ.

खुनाची दोन.
एकातला खुनी मला बाराव्या पानावर कळला.
दुसऱ्यातला शेवटपर्यंत नाही,
लेखकालाही तो ऐन वेळी सापडला असावा.

कविता मला कळत नाहीत, खरं सांगते.
पण यातली एक, मेंढी अडली त्या रात्रीची, चारच ओळींची,
बटाटे सोलताना तीनदा म्हटली
आणि सालं भलतीच जाड निघाली.

सहावं पिशवीतच आहे. थांब.
मधमाश्यांचं. विषय माझा नव्हे, तूच कोंबलंस.
कुणीतरी पेन्सिलीनं समास भरून टाकलेत:
‘खोटं.’ ‘हे बरोबर.’ ‘असं कोण बोलतं?’
आणि राणीमाशी मेल्यावर पोळं रात्रभर
एका सुरात घुमत राहतं, त्या पानावर
नुसतं ‘हो.’

शेपट्या गळासारख्या वळवलेलं हे अक्षर
मी ओळखते.
नावघराच्या जागेवरून नोटीस आली होती
एकोणीस वर्षांपूर्वी, याच अक्षरात.
तेव्हापासून हाल्वरशी बोलणं नाही.
गेल्या हिवाळ्यात एर्ना गेली,
तर त्याच्याकडचा रेडिओ रात्र रात्र चालू.
मला वाटायचं, मुद्दाम करतो.

माणूस हेकट. पण वाचतो नीट.
मला जिथं जिथं खटकलं
तिथं त्याची रेघ आधीच पडलेली.
दोन ठिकाणी चुकलाय,
त्याखाली मी लिहिलंय. पेननं. त्याचाही दंड घे.

आता असं कर, परत जाताना
हे त्याच्या धक्क्यावर उतरव.
वाचलंय म्हणाला
तर सांग, पुरतं नाही वाचलंस.
माझं नाव नको. अक्षर त्यालाही कळतं.

आणि मला काहीतरी दे बाई,
ज्यात समुद्र नाही.