डबल अस्तर

टेप छातीशी आली तशी
तू कोपरं आत घेतलीस.
म्हणालीस, काकू, डबल अस्तर लावा. पॅडही.
मी वहीत लिहिलं, साडेचौतीस.
बाकी विचारलं नाही.
सिडकोत तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय,
ती कोपरं माझ्या ओळखीची.

आज ट्रायलला आलीस तर ऐक.
शटर अर्धं ओढते.

माझीही बोंडं आत होती,
वयात आले तेव्हापासून.
आई म्हणायची, लग्नानंतर येतील.
नवऱ्यानं विचारलं, असंच असतं का गं?
मला तरी कुठे माहीत होतं.

पुष्कर झाला तेव्हा शरणपूर रोडच्या दवाखान्यात
ग्लोरिया साळवे सिस्टरनं
दहाची सिरिंज ब्लेडनं कापली,
दट्ट्या उलट्या बाजूनं घातला,
हळूच ओढायला शिकवलं.
यायचं बाहेर. पोराला लावेस्तोवर
गोगलगाय परत शंखात.
सासूबाई शेजारच्या खाटेला सांगत होत्या,
हिला दूधच नाही.
दूध होतं.
ब्लाऊजला विचारा म्हणावं.

पुढे कैक वर्षांनी, गंगापूर रोडला, डॉक्टर चांदवडकर.
पहिला प्रश्न : कधीपासून?
कायमचं, म्हटलं, तर बाईंचा चेहरा सैल झाला.
चांगलं असलेलं एकाएकी आत गेलं,
गाठ लागली, रक्त आलं,
तर आधी तपासण्या, मग बाकीचं.
तुमचं जन्माचं आहे.
कागदावर दुधाच्या नळ्या काढल्या,
मध्ये आखूड, ताठर तंतू.
मी म्हटलं, म्हणजे अस्तर आखूड बेतलंय,
वरचं कापड आत खेचतंय.
त्या पेन ठेवून हसल्या.

घरी हे म्हणाले, आता या वयात, कोणासाठी?
मी मशीनला तेल घालत होते.
घालत राहिले.

भूल तेवढ्याच जागेची. जागीच होते.
बुडाशी बारीक चीर, तंतू सोडवले,
आणि भोवतीनं गोल टाका घालून आवळला,
बटव्याच्या नाडीसारखा.
किती अंतरानं घेता? मी विचारलं.
बाई, गप्प पडा, म्हणाल्या.
मग वर वाटीसारखं ड्रेसिंग,
आणि पालथं झोपायचं नाही.

आता नीट ऐक.
थोडंच आत असेल तर नळ्या वाचतात.
माझं खोल होतं, कापाव्या लागल्या.
म्हणजे पाजणं संपलं.
माझा पुष्कर तेव्हा आडगावला इंजिनीअरिंगला,
मिशा फुटलेला. मला काय.
तुझं अजून सगळं व्हायचंय.
जाशील तेव्हा हे आधी विचार,
लाजून विसरू नको.
आणि काहीच केलं नाहीस तरी
बिघडत नाही हं, दुखणं नाही ते.
माझं डावं तर वर्षात परत थोडं आत गेलंय.
उजवं आहे.

हां, हात वर कर. काखेत दाटतंय?
पॅड लावलेत, पण कच्च्या टाक्यानं.
कधी नकोसे वाटले तर
इथला दोरा धर
आणि ओढ.