वासावरून मीठ

गोळीबार चौकात आमची खानावळ.
सहा टेबलं, एक कूलर, भिंतीला तेलाचे हात.
सावजी रस्सा मी करते. खात नाही.
मीठ मला वासावरून कळते.
गिऱ्हाइकांना सांगू नका.

तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी पोट असं निघते
की परातीत कणीक तशीच टाकून
मी पळते, बांगड्यांना पीठ.
मग पुन्हा तीन दिवस दगड.
नणंद सकाळी विचारते, "झालं का वहिनी?"
जसं कोणी विचारते, नळ आला का.

मेडिकलात रांगा लावल्या.
रक्त दिलं, नळी घालून घेतली.
डॉक्टर पोरगी होती, पारशिवनीकडली.
कागद पालटत म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे मावशी."
मी तिथंच रडली.
हे ऐकल्यावर घरी कोण मानणार माझं?
तिनं खुर्ची जवळ ओढली.
"दुखते ते खरंच दुखते.
आतडं फाटलं नाही, सडलं नाही.
फक्त जरा जास्तच ऐकते.
शेजारच्या खोलीत भांडण झालं तरी ऐकते."

मनात आलं, चला,
आमच्या घरात ऐकणारं एक तरी निघालं.

लग्न होऊन आली तेव्हा माणसं नऊ, संडास एक,
कडी तुटलेली, दाराला सुतळी.
आत बसलं की बाहेर भाऊजींची बादली वाजे.
पोट म्हणे, आता.
मी म्हणायची, थांब.
सासरे जाऊन येऊ दे. पाहुणे उठू दे.
शेवटलं ताट उचलू दे.
किती वर्षं थांब म्हटलं त्याला!
मग एक दिवस
त्यानं विचारणंच सोडलं.

आता पाचला उठते. कोमट पाणी.
रात्रीच इसबगोल झालेला असते.
दाराला नवी कडी आहे,
माझ्या पैशानं, मीच उभं राहून ठोकून घेतली.
पायाखाली पाट घेते अन् बसते. कुंथत नाही.

बाबा हातमागावर विणायचे.
सूत गुंतलं की मी ओढायची.
"ओढू नको माय, गाठ बसते.
सैल धर."
कधी सुटते.
नाही सुटलं तर उठते, हात धुते,
खोबरं भाजायला घेते.

रविवारी बाहेर गाड्यांची रांग.
माणसं नाक पुसत, घाम पुसत जेवतात.
कोणी पोरगं आत डोकावते,
"मावशी, तुम्ही काहून नाही बसत आमच्यासंगं?"
मागं गॅसजवळ माझी मुगाची खिचडी
झाकून ठेवलेली असते, बिनफोडणीची.

काल राहवलं नाही.
भाकरीचं टोक रश्श्यात बुडवलं,
उभ्या उभ्या खाल्लं, कोणी पाहत नाही असं पाहून.

रात्रभर जागी होती,
पोटाशी गरम पाण्याची बाटली धरून.

मीठ बरोबर होतं पण.