अकरा लाद्या

नोव्हेंबरात लेना नदी कापतात,
वाफ्यांसारख्या रेषा आखून, करवतीने.
लाद्या घराच्या भिंतीला टेकवून रचतात.
हे हिवाळाभराचं पिण्याचं पाणी.
नळ इथवर येत नाही,
आला तरी वाटेतच गोठेल.

त्या रचलेल्या पाण्यातल्या अकरा लाद्या
मिचिलने उचलल्या,
सगळ्यात निवळ, बिनबुडबुड्याच्या,
आणि त्याची आत्या माप्पा दारातून ओरडली,
"मार्चचा चहा आहे तो माझा, मेल्या!"
तो हसला नाही.
मिशीला बर्फ धरला होता,
हसता तर मिशी मोडली असती.

बारा दिवस तो घोडी कोरत होता.
आधी कुऱ्हाड, मग पटाशी,
शेवटी नुसता तळहात.
हातमोजा काढायचा, मानेवर हात ठेवायचा,
मोजून सात श्वास.
आठव्याला कातडी तिथेच राहते.
मानेवरची ती चकाकी
माणसाच्या उबेची आहे,
हे फोटोत कसं आणायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

मी काखेत बॅटरी धरून उभी,
खुडूक कोंबडीसारखी.
उणे सत्तेचाळीस.
फिल्म पापडासारखी मोडते.
श्वास सोडायचा तर तोंड फिरवून,
नाहीतर भिंगावर फुलं उमटतात.
उजेड पाच तास,
त्यातला कामाचा सतरा मिनिटं,
सूर्य धुराड्यांमागून आडवा येतो
आणि घोडीच्या पोटात शिरतो.

तेव्हा दिसला,
छातीच्या आत, डावीकडे, बोराएवढा
बुडबुडा.
मिचिल शिवी देऊन खालीच बसला.
"निवळ म्हणून निवडली होती रे मी."
नदीने कधीतरी घेतलेला,
सोडायचा राहून गेलेला श्वास.
मी म्हटलं, बस तसाच, सावली पाडू नकोस.
खटका दाबला.

एकदाच.
दुसऱ्या वेळी बॅटरी मेली होती.

पुढचं सगळीकडे असतं तसंच.
पांढरी भिंत, काळी चौकट,
कोपऱ्यात पेन्सिलीने *पाचपैकी तीन*,
आणि कागद दोनशे वर्षं टिकेल
असं सहीशिक्क्याचं हमीपत्र.
हातात पेला धरलेल्या एका बाईने विचारलं,
"मूळ घोडी कुठे असते आता?"

मूळ घोडी.
मार्चअखेर भिंतीलगतचं पाणी संपलं,
माप्पा कुऱ्हाड घेऊन अंगणात गेली.
आधी कान. मग आयाळ, रोज थोडी.
मिचिलने अडवलं नाही,
शेपूट तर त्यानेच चुलीपाशी आणून दिलं.
छाती शेवटी.
किटलीत तुकडा तडकला
आणि तो बुडबुडा,
आवाज म्हणावा असंही काही झालं नाही.
चहा दुधाचा, किंचित खारट.
आम्ही तिघं प्यायलो,
चौथा पेला टपाल घेऊन आलेल्या पोराला.
त्याला कुणी काही सांगितलं नाही.

हे त्या बाईला कसं सांगू?
म्हटलं, नदीत असते.

माप्पासाठी एक प्रत मी स्वतः घेऊन गेले.
तिने ती खिडकीशी धरली,
मग उलटी करून मागून पाहिली.
कोरा कागद.
"हिला मागची बाजू नाही?"
नाही, म्हटलं.
मग छातीपाशी, डावीकडे,
तिने अंगठा दाबून धरला,
बराच वेळ, हातमोजा न घालता.
पाण्याची तहान कागदावर भागत नाही,
हे तिने मला ऐकवलं नाही.
म्हणाली, "पाणी गोड होतं हिचं."

आणि उठून तो फोटो
भिंतीला टेकवून ठेवला,
आतल्या अंगाने,
बाहेरून जिथे लाद्या रचतात
बरोबर तिथे.