दाढ

खाली सत्तर किलोमीटर जाडीचं कवच,
वर तुलार: अकरा घरं, एक चर्च, बासष्ट लामा.
त्याहून वर डोंगर, सकाळी
चुलीइतकाच धूर सोडणारा.

मी दगड फोडते.
लाव्ह्याच्या करड्या अंगात स्फटिक उघडा पडतो,
नखाएवढा, आत वर्तुळंच वर्तुळं.
दोन्या युफ्रासिया आर्मेया कोकाची पानं चघळत बघत असते.
काय शोधतेस?
म्हटलं, वर येताना यानं वाटेत काय खाल्लं ते.
तिला लगेच पटतं.
एवढा लांबचा प्रवास, उपाशी कोण करील?

निघताना रस कोवळा असतो,
स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर पॉइंट सात शून्य चार.
मग जुने खडक लागतात,
रुबिडियमनं अब्जावधी वर्षं
स्वतःला झिजवून ज्यांच्यात
सत्त्याऐंशी वजनाचं स्ट्रॉन्शियम साठवलं.
रस तिथे मुक्काम करतो, भिंती वितळवतो, गिळतो,
थोडा निवतो, पुन्हा वर.
स्फटिक मात्र खाल्ल्या घरचे वासे मोजत बसतो:
गाभ्यात सात शून्य पाच,
कडेला सात शून्य सात.
खाण तशी माती, असं म्हणायची सोय
या डोंगरानं ठेवलेली नाही.

जीपचं चाक बदलता बदलता ओलेगारिओ म्हणाला,
दातांतही हेच असतं म्हणे, दोन्या,
लहानपणी प्यालेलं पाणी दात विसरत नाहीत.
ती हसली.
मग हसायची थांबली.

निघायच्या दिवशी तिनं खिडकीतून
गाठ मारलेलं फडकं माझ्या हातात दिलं.
गेल्या थंडीत पडलेली दाढ.
कागदावर माझा जन्म इथला, म्हणाली.
आई मरताना बोलली, तीन वर्षांची होतीस,
पाठीवर बांधून तुला लीपेसहून आणलं, सरहद्दीपलीकडून.
पण तिला ताप होता.
खरं की ताप, ते तुझ्या यंत्राला विचार.

अन्तोफागास्ता. रात्रीचे दोन.
केसाएवढ्या तारेवर थेंब सुकतो, तार लाल होते,
अणू आपापल्या वजनानं वळतात.
स्फटिकांचे आकडे आले. छान आले.

दाढ फडक्यातच.
गाठ सोडली, परत बांधली.
सरहद्दीच्या अलीकडे पलीकडे
एकाच जातीच्या खडकांतून पाणी झिरपतं,
आकडा बहुधा काहीच बोलणार नाही,
असं मी मला सांगते.
आणि बोललाच तर?
सगळ्या नमुन्यांना क्रमांक आहेत, तिला नाही.

मे महिन्यात परत गेले.
दोन्यानं दाढेचा विषय काढला नाही.
मीही नाही.
चहा ओतला, मटणाचा रस्सा वाढला,
मी मुकाट्यानं दोनदा मागून घेतला.
मग तिनं डोंगराकडे हनुवटी केली:
आज जेवला नाही वाटतं.

धूर नव्हता.