हात जाईल एवढी जागा

ऑरिनच्या ट्रकचं बॉनेट उघडलं
की आधी वास यायचा,
तापल्या रबराचा, जुन्या ग्रीसचा
आणि उबेला येऊन आतच वारलेल्या उंदराचा.
मग दिसायची दाटी.
नळी नळीला खेटून,
तारा तारांच्या मांडीवर,
आणि सगळ्यांच्या तळाशी चौथा प्लग.
तो बदलायचा म्हणजे
मनगटाचं कातडं गहाण टाकायचं.

नेवाडातल्या आमच्या गावात गॅरेज एकच.
मालक तासाचे नव्वद डॉलर घेतो,
उपदेश तेवढा फुकट.
"दुसरा ट्रक बघा," म्हणाला.
ऑरिननं खिसा उलटा केला. एकतीस डॉलर, थोडी चिल्लर.
"चल डेलविन," मला म्हणाला,
"आपण नवीन काही बसवायचं नाही.
काढत जायचं."

आधी गेली काच धुवायच्या पाण्याची टाकी,
कोपरा अडवून बसलेली,
लग्नातल्या रुसलेल्या मावशीसारखी.
तिच्या जागी नोरीनची शेकायची रबरी पिशवी
बुटाच्या नाडीनं टांगली.
"आणि माझी कंबर?" नोरीननं विचारलं.
"हिवाळ्याला अवकाश आहे," ऑरिन म्हणाला.
त्या रात्री तो कोचावर झोपला.

मग बॅटरी.
लष्करी काडतुसांच्या रिकाम्या पेटीत घालून
ती मागच्या हौद्यात नेली.
जाड केबल लुसेरोच्या भंगारातून,
सात डॉलर, आणि वर त्याचं कुंपण सरळ करून द्यायचं.
दोन दुपारी कुंपणात गेल्या.
एवढ्या लांब तारेला फ्यूज हवा,
हे आम्हां दोघांनाही सुचलं नाही.
सांगितलं लुसेरोच्या नातीनं,
वय वर्षं अकरा, तोंडात गोळी चघळत.

हंडीएवढा एअर फिल्टर गेला,
उलटलेल्या एका होंडाचा चपटा डबा आला.
एक काळं नळकांडं होतं,
ते कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं.
काढलं, तर ट्रक मुका झाला.
मुकाट्यानं परत लावलं.
तेव्हापासून त्याला आम्ही महापौर म्हणतो.

एसीचा कॉम्प्रेसर गॅस उडून सहा उन्हाळे पडून होता.
पाना लावला आणि ऑरिन थांबला.
थोडं तेल पाजलं, पट्टा चढवला,
तर भात्यासारखा फुंकायला लागला!
गार करायचं विसरला होता,
श्वास घ्यायचं नाही.
त्याला राहू दिलं.
वाळूत शिरताना टायर मऊ करायचे असतात,
बाहेर पडल्यावर पुन्हा फुगवायचे.
आता ते काम त्याचं.

एका संध्याकाळी ऑरिननं हात आत घातला,
कोपरापर्यंत, कुठंही न खरचटता,
आणि चौथ्या प्लगवर बोटं ठेवून
नुसताच उभा राहिला.
मी काही बोललो नाही.
अशा वेळी माणसाला पाना मागू नये.

जागा झाली तशी स्वप्नं आली.
दुसरी बॅटरी, विंच, मोठा अल्टरनेटर.
किमतींची यादी त्याच्या उशाखाली.
नोरीननं यादी वाचली,
चष्मा काढला, आणि
चंदेरी कागदात गुंडाळलेले सहा तमाले
इंजिनाच्या गरम कडेला
त्या नव्या मोकळ्या जागेत बसवले.
"चाळीस मैलांवर उलटे कर," म्हणाली.

ऑक्टोबरात कोरड्या ओढ्यात नळी फुटली.
काळोख, सेजच्या झुडपांवर गार वारा,
आणि मैलोन्‌मैल कुणी नाही.
हात आत गेला, पट्टी आवळली.
दहा मिनिटं. मागे हेच केलं असतं
तर सकाळ झाली असती, रक्तासकट.

मग बॉनेटखालच्या उबेला उभे राहून
आम्ही तिघांनी तमाले खाल्ले.
माझ्या खिशात चार बोल्ट उरलेत,
कुठले, ते ऑरिनला अजून सांगितलं नाही.
मक्याचा वास येत होता,
आणि मागून कुठून तरी
थोडासा उंदराचाही.